टोनी पारितोषिकांचे भाकीत आणि ‘गुणवत्ते’चा प्रश्न

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीसाठी दरवर्षी टोनी पारितोषिके दिली जातात. ती १९४७ साली सुरू झाली. ‘सर्वोत्कृष्ट संगीतिका’ हे त्यांतले सर्वांत मोलाचे पारितोषिक १९४९ पासून दिले जाऊ लागले. नामांकने जाहीर झाली की निकालाच्या दिवसापर्यंत तेथील वृत्तपत्रांतून आणि नाट्यविषयक नियतकालिकांतून एक उद्योग जोरात चालतो. कोणती संगीतिका जिंकणार, याचे भाकीत करण्याचा हा उद्योग. भाकीत करणारा पुष्कळदा दोन रकाने आखतो. पहिल्या रकान्यात ‘कोण जिंकेल’ ते लिहितो, दुसऱ्यात ‘कोणी जिंकायला हवे’ ते लिहितो. अनेकदा या दोन रकान्यांत दोन वेगळी नावे असतात. याचे तेथे कोणालाही नवल वाटत नाही.

नवल वाटायला हवे. पारितोषिक जर गुणवत्तेचे असेल, तर हे दोन रकाने वेगळे का? आणि ते वेगळे आहेत हे सर्वांना ठाऊक असताना पहिल्या रकान्यातल्या नावालाच ‘सर्वोत्कृष्ट’ कसे म्हटले जाते?

या त्रैमासिकाच्या वाचकाला ब्रॉडवेशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. ज्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले, ते याच ब्रॉडवे रस्त्यावर, नाट्यगृहांच्या वस्तीपासून तीन-चार मैलांवर आहे. ज्या पुलित्झर पारितोषिकाचा उल्लेख पुढे येणार आहे, ते हेच विद्यापीठ देते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आणि साहित्याशी आपल्या चळवळीने नाते जोडले, त्यालाही आता पन्नासाहून अधिक वर्षे झाली. तरीही खरे कारण याहून जवळचे आहे. ‘आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो’ हे वाक्य ऐकत आपण वाढलो. ती गुणवत्ता कोण ठरवते आणि कशी ठरवते, याचा उघड हिशेब एखाद्या ठिकाणी मांडलेला सापडत असेल, तर तो तपासून पाहणे आपल्या कामाचे आहे. टोनीच्या भाकितकारांनी तो हिशेब नकळत मांडून ठेवला आहे.

आधी मतदार कोण ते पाहू. अमेरिकन थिएटर विंग ही संस्था आणि ब्रॉडवे लीग ही व्यावसायिकांची संघटना मिळून ही पारितोषिके देतात. एक लहान समिती नामांकने ठरवते. त्यांतून अंतिम निवड आठशेहून अधिक मतदार करतात. त्यांत नट, नाटककार, दिग्दर्शक, नेपथ्यकार, वादक यांच्या संघटनांचे पदाधिकारी असतात. निर्माते आणि नाट्यगृहांचे मालक असतात. ब्रॉडवेवरची नाटके आपापल्या शहरांत नेऊन त्यांचे प्रयोग लावणारे व्यवस्थापक असतात. २००९ मध्ये पत्रकारांना या यादीतून वगळण्यात आले. त्यावर टीका झाल्यावर न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षक मंडळाच्या सदस्यांना पुन्हा घेण्यात आले. म्हणजे ज्यांची उपजीविका आणि गुंतवणूक या धंद्यात आहे त्यांची संख्या मोठी, आणि केवळ पाहण्या-लिहिण्याचे काम करणाऱ्यांची लहान.

उमेदवारीलाही एक कुंपण आहे. पाचशे किंवा अधिक आसनांच्या, ब्रॉडवेची म्हणून मान्यता मिळालेल्या ४१ नाट्यगृहांतच झालेला प्रयोग विचारात घेतला जातो. हार्लेममध्ये कितीही मोठा प्रयोग झाला तरी तो या स्पर्धेत नसतो. या ४१ पैकी बहुसंख्य नाट्यगृहे तीन मोठ्या मालक-कंपन्यांच्या हाती आहेत. २००५ मध्ये एका नाट्यगृहाला ऑगस्ट विल्सन यांचे, २०२२ मध्ये आणखी दोहोंना जेम्स अर्ल जोन्स आणि लीना हॉर्न यांचे नाव देण्यात आले. तिन्ही नावे कृष्णवर्णीय कलावंतांची आहेत. तिन्ही नाट्यगृहे मात्र त्याच तीन मालकांची आहेत. पाटी बदलली, सातबारा बदलला नाही.

आता भाकितकारांची गणिते पाहू. पहिले गणित असे की, मतदानाच्या वेळी जी संगीतिका बंद पडलेली आहे तिला सहसा पारितोषिक मिळत नाही. याला कारण आहे. टोनीच्या पारितोषिकामुळे तिकिटे खपतात. बंद नाटकाला दिलेल्या पारितोषिकातून धंद्याच्या पदरात काही पडत नाही.

दुसरे गणित दौऱ्याचे. परगावच्या व्यवस्थापकाला पुढच्या हंगामात आपल्या शहरात काय चालेल याची चिंता असते. २००४ साली ‘विकेड’ ही प्रचंड खर्चाची, तुफान गर्दीची संगीतिका जिंकणार असे सर्वजण धरून चालले होते. जिंकली ती ‘ॲव्हेन्यू क्यू’ ही बाहुल्यांची छोटी संगीतिका. तिच्या निर्मात्यांनी निवडणुकीसारखा प्रचार केला होता आणि मतदारांना अंतःकरणाचा कौल द्या असे आवाहन केले होते. भाकिते चुकली म्हणून त्या वर्षाची आठवण अजून काढली जाते. पण पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. जिंकल्यावर निर्मात्यांनी गावोगावचा दौरा करण्याऐवजी नाटक लास व्हेगासला नेण्याचे जाहीर केले, तेव्हा दौऱ्यांचे व्यवस्थापक चिडले. अंतःकरणाचा कौल दिलेल्या माणसाने नाटक कोठे चालले आहे यावर चिडण्याचे कारण काय? त्याच वर्षी तिसरे एक नामांकन होते, ‘कॅरोलाइन, ऑर चेंज’. १९६३ सालच्या लुइझियानातील एका गोऱ्या ज्यू कुटुंबात तळघरात कपडे धुणाऱ्या कृष्णवर्णीय मोलकरणीची ही कथा. पण त्या वर्षीची आठवण म्हणजे दोघांच्या शर्यतीची आठवण. शर्यतीत ही मोलकरीण कोणाला दिसली नाही.

तिसरे गणित आधीच्या शिक्क्याचे. नाटकासाठीचे पुलित्झर पारितोषिक २०२५ पर्यंत दहा संगीतिकांना मिळाले आहे. त्यांतली एक टोनीच्या जन्माआधीची. उरलेल्या नऊपैकी सात संगीतिकांनी टोनीही जिंकली. तेव्हा पुलित्झरचा शिक्का बसला की भाकितकार निश्चिंत होतो.

चौथे गणित संहितेचे आणि संगीताचे. संगीतिका म्हणजे संहिता आणि संगीत. या दोहोंची स्वतंत्र टोनी पारितोषिके आहेत. ती दोन्ही ज्या संगीतिकेला मिळतात, तिलाच सर्वोत्कृष्ट ठरवले जाईल असे साधा माणूस समजेल. बहुतेक वेळा तसे घडतेही. परंतु जेथे घडले नाही ती वर्षे पाहण्यासारखी आहेत. १९९८ मध्ये संहिता आणि संगीत दोन्हींची पारितोषिके ‘रॅगटाइम’ला मिळाली. त्या संगीतिकेत कोलहाउस वॉकर या कृष्णवर्णीय पियानोवादकाचा अपमान होतो, न्याय मिळत नाही, आणि तो बंड करून उठतो. सर्वोत्कृष्ट ठरली डिस्ने कंपनीची ‘लायन किंग’. १९९९ मध्ये ‘परेड’ला दोन्ही मिळाली. तिचा विषय होता जॉर्जियात जमावाने फासावर लटकावलेला ज्यू माणूस, लिओ फ्रँक. सर्वोत्कृष्ट ठरली ‘फॉसी’ ही नृत्यांची मालिका. २००२ मध्ये ‘युरिनटाउन’ला दोन्ही मिळाली. पाण्याच्या टंचाईत लघवी करण्यासाठीही गरिबांकडून पैसे वसूल करणाऱ्या कंपनीवरचे ते उपहासनाट्य. सर्वोत्कृष्ट ठरली ‘थरोली मॉडर्न मिली’. २०२४ मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यावरील ‘सफ्स’ला दोन्ही मिळाली. सर्वोत्कृष्ट ठरली ‘द आउटसायडर्स’.

उलट उदाहरणही आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. १९७८ मध्ये दोन्ही पारितोषिके ‘ऑन द ट्वेंटिएथ सेंच्युरी’ला मिळाली. सर्वोत्कृष्ट ठरली फॅट्स वॉलर या कृष्णवर्णीय संगीतकाराच्या गाण्यांवर बांधलेली ‘एन्ट मिसबिहेविन’. तरीही वर दिलेल्या चार वर्षांचा अर्थ पुसला जात नाही. त्या प्रत्येक वर्षी मतदारांनी दोन निकाल दिले. लिहिणाऱ्याला ‘तू चांगले लिहिलेस’ म्हटले, आणि पाट दुसऱ्यासाठी मांडला. आपल्या प्रतिभेचे कौतुक आणि पंगत मात्र वेगळी, हा अनुभव आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

वंशाचा प्रश्न आला की ही गणिते अधिक स्पष्ट होतात. २०१० साली ‘फेला!’ आणि ‘मेम्फिस’ या दोन संगीतिका समोरासमोर होत्या. ‘फेला!’ ही नायजेरियाचे संगीतकार आणि सत्ताविरोधी बंडखोर फेला कुटी यांच्यावर होती. बिल टी. जोन्स या कृष्णवर्णीय नृत्यकाराने ती दिग्दर्शित केली होती. तिला ११ नामांकने होती, पारितोषिके मिळाली तीन. सर्वोत्कृष्ट ठरली ‘मेम्फिस’. तिचा नायक गोरा आहे. १९५०च्या दशकात रेडिओवरून कृष्णवर्णीयांचे संगीत गोऱ्या श्रोत्यांपर्यंत नेणारा आणि एका कृष्णवर्णीय गायिकेवर प्रेम करणारा तो निवेदक. संगीताचे पारितोषिकही तिलाच मिळाले. फेला कुटी यांचे संगीत त्या पारितोषिकाच्या स्पर्धेत उतरूच शकले नाही, कारण तेथे रंगभूमीसाठी नव्याने रचलेलेच संगीत चालते. नियम सर्वांना सारखा होता. पण ज्याने आयुष्यभर रस्त्यावर आणि तुरुंगाच्या छायेत संगीत घडवले त्याचे संगीत नियमाबाहेर, आणि त्याच्या जातकुळीच्या संगीताविषयी नव्याने रचलेले संगीत नियमात, असा त्याचा परिणाम झाला.

हे आपल्याकडे घडलेले नाही काय? तमाशाचा बाज उचलून पांढरपेशा रंगभूमीने लोकनाट्ये केली, वाहवा मिळवली. ज्या जातींनी तो बाज पिढ्यान्‌पिढ्या पायांत चाळ बांधून जिवंत ठेवला, त्या कनातीबाहेरच्या अंधारातच राहिल्या. मधला माणूस जिंकतो. मूळ माणूस ‘प्रेरणा’ म्हणून उरतो.

२०११ साली ‘द स्कॉट्सबोरो बॉइज’ला १२ नामांकने मिळाली आणि पारितोषिक एकही मिळाले नाही. १९३१ मध्ये अलाबामात नऊ कृष्णवर्णीय पोरांवर बलात्काराचा खोटा आरोप ठेवण्यात आला, त्या खटल्याची ही संगीतिका. तिचा घाट गोऱ्यांनी काळ्यांची टिंगल करण्यासाठी वापरलेल्या मिन्स्ट्रेल खेळाचा होता. ती टिंगलच तिने टिंगल करणाऱ्यांवर उलटवली होती. निर्माते कलावंत गोरे होते, आणि या घाटाविरुद्ध नाट्यगृहाबाहेर निदर्शनेही झाली. त्यांचा आक्षेप बाजूला टाकण्यासारखा नव्हता. पण मतदाराने त्या आक्षेपाचा विचार केला असे दिसत नाही. विचार केला असता तर १२ नामांकने तरी कशी मिळाली? नाटक डिसेंबर २०१० मध्येच बंद पडले होते, आणि पहिल्या गणिताने आपले काम केले.

२०१६ हे वर्ष सर्वांत शिकवणारे. ‘हॅमिल्टन’ला १६ नामांकने आणि ११ पारितोषिके मिळाली. त्या वर्षी भाकीत करण्यासारखे काही उरलेच नव्हते. ‘हॅमिल्टन’ असामान्य आहे. हिप-हॉपच्या लयीत इतिहास बोलवण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे, आणि रंगमंचावर कृष्णवर्णीय आणि लॅटिन नटांनी अमेरिकेच्या संस्थापकांच्या भूमिका केल्या ही लहान गोष्ट नाही. त्या वर्षी संगीतिकांतील अभिनयाची चारही पारितोषिके गौरेतर कलावंतांना मिळाली. पण त्याच स्पर्धेत ‘शफल अलाँग’ होती. १९२१ साली याच नावाची, कृष्णवर्णीयांनी लिहिलेली, रचलेली आणि सादर केलेली संगीतिका ब्रॉडवेवर गाजली होती. ती कशी उभी राहिली आणि पुढे कशी विसरली गेली, हे जॉर्ज सी. वुल्फ यांनी २०१६ मध्ये रंगमंचावर मांडले. निर्मात्यांना ती जुन्या नाटकाच्या पुनरुज्जीवनाच्या विभागात हवी होती. समितीने ती नवी ठरवली, आणि ती ‘हॅमिल्टन’समोर उभी राहिली. १० नामांकने, शून्य पारितोषिके. जुलैत प्रयोग बंद झाले. गोऱ्या संस्थापकांची, त्यांतल्या गुलामांच्या मालकांचीही कथा गौरेतरांच्या मुखातून आली तेव्हा तिला डोक्यावर घेतले गेले. विसरल्या गेलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांची कथा त्यांच्याच वारसांनी सांगितली, आणि ती दुसऱ्यांदा विसरली गेली. ‘हॅमिल्टन’चे मोठेपण मान्य करूनही हे वाक्य खोडता येत नाही.

मग कृष्णवर्णीय कधी जिंकलेच नाहीत काय? जिंकले. १९७४ मध्ये ‘रेझिन’ आणि १९७५ मध्ये ‘द विझ’ सर्वोत्कृष्ट ठरल्या. ‘विझ’चे जेफ्री होल्डर संगीतिकेच्या दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. आणि २०२२ मध्ये मायकेल आर. जॅक्सन यांची ‘अ स्ट्रेंज लूप’ जिंकली. तिचा नायक एक स्थूल, समलिंगी, कृष्णवर्णीय तरुण आहे. तो ‘लायन किंग’च्या प्रेक्षागृहात लोकांना त्यांच्या खुर्च्या दाखवण्याची नोकरी करतो आणि रात्री आपल्यासारख्याच तरुणावर संगीतिका लिहितो. जॅक्सन यांनी स्वतः अशी नोकरी केलेली आहे. ही संगीतिका जिंकेल असे भाकीत अनेकांनी केले आणि ते खरे ठरले. पण ते भाकीत शक्य झाले ते २०२० मध्ये पुलित्झर मिळाल्यावर. ती लिहिण्यात गेलेल्या दीर्घ काळात तिच्या बाजूने भाकीत करण्यासारखे एकही गणित नव्हते. दौरा नाही, नामांकित नट नाही, घरच्या मंडळींना घेऊन पाहण्याजोगा विषय नाही. ती लिहिली गेली ती गणिताला पाठ फिरवून. एप्रिल २०२२ मध्ये ती ब्रॉडवेवर आली, जूनमध्ये सर्वोत्कृष्ट ठरली, जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली. नायक ज्या नाटकाच्या दारात उभा राहून खुर्च्या दाखवत होता, ते १९९७ साली सुरू झालेले नाटक चालूच राहिले. मताने जे दिले ते तिकीटखिडकीने दिले नाही.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. परीक्षेच्या काळात वर्गातली काही मुले अभ्यासाआधी एकच चौकशी करीत, पेपर कोण काढणार? पेपर काढणारा कळला की अर्धा पेपर कळतो, हे त्यांना घरातून मिळालेले ज्ञान होते. आम्हाला ते मिळायला उशीर लागला. आज मी शिकवतो तेव्हा आमच्या वस्त्यांतून आलेली लिहिणारी मुले मला तोच प्रश्न निराळ्या रूपात विचारतात. यंदा परीक्षक कोण आहेत, कोणत्या प्रकारची एकांकिका त्यांना आवडते, शेवट आशावादी ठेवू की नको? त्यांना दोष देता येत नाही. दार ज्यांच्या हातात आहे त्यांच्या सवयी ओळखल्याशिवाय आत जाता येत नाही, हे त्यांना जगण्याने शिकवले आहे. ज्याच्या मागे वारसा नाही त्याला हे ज्ञान हवेच. म्हणून भाकिताची विद्या मी टाकाऊ मानत नाही. ती प्रस्थापित अभिरुचीचा नकाशा आहे, आणि तो आपल्या खिशात असावा.

पण नकाशा पाहून वाट ठरवणे वेगळे आणि नकाशा पाहून घर कोठे आहे ते विसरणे वेगळे. परीक्षकाच्या पसंतीचे दुःख, परीक्षकाला झेपेल इतका संताप, शेवटी परीक्षकाला स्वतःविषयी बरे वाटेल असा समेट, या मापाने लिहू लागलेला लेखक पारितोषिक मिळवील. त्याच्या आईने मात्र ते नाटक पाहिले तर त्यात तिला आपले कोणी भेटणार नाही. ‘मेम्फिस’चा मधला माणूस बाहेरून येतो असे नाही. तो आपल्यातूनही तयार होतो.

समीक्षकाचे काम यापुढे सुरू होते. आपल्याकडे निकाल लागला की समीक्षा लिहिली जाते, आणि ती बहुधा निकालाची भाट होते किंवा निकालावर चिडते. दोन्ही वेळा निकालच तिचा मालक असतो. अमेरिकन भाकितकाराने धंद्याच्या गरजेतून का होईना, एक चांगली शिस्त पाळली आहे. तो निकालाआधी दोन्ही रकाने भरतो. आपण त्याचा दुसरा रकाना उचलावा आणि तो गंभीरपणे भरावा. त्याच्याकडे तेथे नुसते नाव असते. आपल्याकडे कारणे असली पाहिजेत. हे नाटक का श्रेष्ठ, कोणाच्या जगण्याला त्याने भाषा दिली, कोठे ते कमी पडले, हे सारे निकाल लागण्यापूर्वी, छापून आणि जबाबदारीने सांगितलेले असावे. आपले नाटक आहे म्हणून त्याला सूट नको. तशी सूट देणारा समीक्षकही वेगळ्या पंगतीचाच पुरस्कर्ता असतो.

‘कॅरोलाइन’मधल्या मोलकरणीचे, ‘शफल अलाँग’च्या विसरलेल्या कलावंतांचे नाव पहिल्या रकान्यात येणे मतदारांच्या हाती होते. दुसऱ्या रकान्यात ते लिहिणे लिहिणाऱ्याच्या हाती होते. १९२१ चे नाटक विसरले गेले, त्यात गोऱ्या अभिरुचीचा वाटा मोठा आहेच. पण ज्यांनी ते पाहिले, ज्यांना ते थोर वाटले आणि ज्यांनी आपले मत कागदावर उतरवले नाही, त्यांचाही त्यात वाटा आहे. आपल्या जलशांचे, वगांचे, वस्तीतल्या चौकात एकदाच होऊन संपलेल्या नाटकांचे आज काय उरले आहे ते पाहा. त्यांना कोणी पारितोषिक दिले नाही हे दुःख आहे. त्यांच्याविषयी आपणही फारसे लिहून ठेवले नाही, ही उणीव मात्र आपल्याला भरून काढता येण्यासारखी आहे.